एकतीस टक्के ‘अज्ञात’ म्हणजे ऑक्सिजन

सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींचा आमचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. त्यावर तो मेसेज एका आठवड्यात तीनदा आला. तिसऱ्यांदा तर माझ्या पुतण्यानेच टाकला आणि खाली लिहिलं, “काका, तुमचा विषय आहे. खरं काय ते सांगून टाका बाप्पा.” माझी सगळी नोकरी भूविज्ञान शिकवण्यातच झाली, म्हणून टाळता आलं नाही.

मेसेजचा मजकूर थोडक्यात असा: नागपूरजवळच्या मँगनीजच्या पट्ट्यात जगात कुठेच नसलेलं खनिज सापडलंय. तपासणीत त्यात ३१.६ टक्के ‘एलई’ नावाचं अज्ञात मूलद्रव्य निघालं. दगड चुंबकाला ओढला जातो आणि प्रकाशात रंग बदलतो. ज्याला सापडला त्याने त्याला स्वतःचं नाव दिलंय. परदेशी समिती मात्र भारतीय नाव म्हणून मान्यता देत नाही. एका ग्रॅमची किंमत कोटीत. सोबत दोन फोटो, एक काळ्या दगडाचा आणि एक तपासणीच्या चिठ्ठीचा. शेवटी नेहमीचं, ‘नागपूरकर असाल तर पुढे पाठवा.’

चिठ्ठीपासूनच सुरुवात करतो, कारण मेसेजमधली तेवढीच एक गोष्ट खरी दिसते. तीत लिहिलंय: मँगनीज ६२, सिलिकॉन ४.९, लोह १.५, एलई ३१.६. ही चिठ्ठी हातात धरायच्या एक्सआरएफ गनची आहे. इतवारीत सराफ ज्या यंत्रावर दागिन्याचं कॅरट बघतो, त्याचीच ही चुलतबहीण. क्ष-किरण मारायचे आणि दगडातून परत येणाऱ्या किरणांवरून मूलद्रव्यं ओळखायची, एवढंच तिचं काम. ऑक्सिजन, हायड्रोजन, कार्बन, लिथियम अशा हलक्या मूलद्रव्यांचे किरण इतके क्षीण असतात की ते यंत्रापर्यंत पोहोचतच नाहीत. मग शंभरातून जे उरतं, ते यंत्र ‘एलई’ म्हणून एका ओळीत टाकून देतं. एलई म्हणजे लाइट एलिमेंट्स, हलकी मूलद्रव्यं. वाण्याच्या हिशोबात ‘किरकोळ’ लिहिलेलं असतं ना, तसंच. किरकोळ नावाचा जिन्नस दुकानात मागून बघा.

आता गंमत बघा. मनसर, कांद्री, गुमगाव या सगळ्या भागातलं मँगनीजचं एक मुख्य खनिज म्हणजे ब्राउनाइट. त्यात मँगनीजचे सात अणू, सिलिकॉनचा एक आणि ऑक्सिजनचे बारा. अणुभारांचा गुणाकार करा: मँगनीज ६३.६ टक्के, सिलिकॉन ४.६, ऑक्सिजन ३१.८. चिठ्ठीतला आकडा ३१.६. अकरावीच्या रसायनाचा हा हिशोब कोणी केला असता, तर ‘अज्ञात मूलद्रव्य’ तिथेच श्वासात विरून गेलं असतं. आणि खरोखरच नवं खनिज सापडलं, तरी ते आवर्तसारणीतल्या जुन्याच मूलद्रव्यांचं बनलेलं असतं. नवेपणा त्यांच्या मांडणीत असतो.

म्हणजे तो दगड ब्राउनाइटच आहे का? तसंही मी म्हणणार नाही, आणि सगळा मुद्दा इथेच आहे. बिक्सबाइट नावाचं मँगनीजचं एक ऑक्साइड आहे, आणि मँगनीजचे गुलाबी सिलिकेटही आहेत. रेणूंच्या हिशोबात तीन वाटे बिक्सबाइट आणि एक वाटा असं सिलिकेट कुटून एकत्र केलं, तर रासायनिक विश्लेषणात हुबेहूब ब्राउनाइटचे आकडे येतात. चिठ्ठी दोन्ही वेळा तीच. फरक कळतो तो अणू कसे रचलेत हे पाहिल्यावर.

ही चूक आपल्याच जिल्ह्याच्या दगडांवर, फार मोठ्या माणसाच्या हातून झालेली आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले लुईस ली फर्मोर यांनी १९०९ मध्ये भारतातल्या मँगनीजच्या साठ्यांवर हजाराहून जास्त पानांचा अहवाल लिहिला. इथल्या खाणींवर काम करणारा माणूस आजही तो उघडतो. त्यात त्यांनी बेलडोंगरीच्या एका खनिजाला व्रेडेनबर्गाइट हे नाव दिलं. करडं, थोडी ब्राँझसारखी झाक असलेलं, चुंबकाला जोरात चिकटणारं. व्रेडेनबर्ग हे त्यांच्याच खात्यातले सहकारी. विश्लेषण चोख होतं, वर्णनही चोख. पुढे त्याच दगडाचा तुकडा आरशासारखा घासून परावर्तित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तेव्हा आत दोन खनिजं दिसली. जेकबसाइटमध्ये हॉसमनाइटच्या बारीक पट्ट्या ठरावीक दिशांनी बसलेल्या, चटईच्या विणीसारख्या. तापलेलं असताना एकजीव होतं, थंड होताना वेगळं झालं. चुंबकाला ओढ होती ती जेकबसाइटची. व्रेडेनबर्गाइट हे नाव खनिजांच्या प्रजातींच्या यादीतून गेलं. त्याच अहवालातलं छिंदवाड्याच्या सीतापारचं सीतापाराइटही गेलं; ते म्हणजे युटामधून १८९७ सालीच वर्णन झालेलं बिक्सबाइट निघालं.

फर्मोर यांचा यात दोष नव्हता. स्फटिकांतून क्ष-किरण वळतात हे लाउए यांच्या प्रयोगातून कळलं ते १९१२ मध्ये, अहवालानंतर तीन वर्षांनी. त्याआधी दगडातल्या अणूंची मांडणी बघायला खिडकीच नव्हती. स्फटिकात अणू थरांत बसलेले असतात. त्या थरांवरून परतणारे किरण ठरावीक कोनांतच एकमेकांना जोर देतात, बाकी दिशांना विझतात. ते कोन आणि तीव्रता मोजली की अणूंच्या वारंवार येणाऱ्या सगळ्यात लहान खोलीची लांबी-रुंदी मिळते आणि त्या खोलीत कोण कुठे बसलंय तेही. त्यासाठी मिठाच्या कणाहून लहान असा एकसंध स्फटिक पुरतो. पण तो एकसंधच हवा. मिश्रण असेल तर दोन नकाशे एकमेकांत घुसलेले दिसतात आणि भांडं फुटतं.

रचना पाहिल्यावर काय बदलतं, याचं उदाहरण फर्मोर यांच्याच पदरात आहे. १९०६ मध्ये त्यांनी झाबुआजवळच्या काजलीडोंगरीच्या खनिजाला आपल्या खात्याचे प्रमुख थॉमस हॉलंड यांचं नाव दिलं, हॉलंडाइट. (सहकाऱ्याचं नाव गेलं, साहेबाचं टिकलं. योगायोगच म्हणायचा.) हॉलंडाइटमध्ये एका मँगनीजभोवती सहा ऑक्सिजन असे आठ पृष्ठांचे ठोकळे असतात. त्यांच्या जोडसाखळ्या चार बाजूंनी जुळून मध्ये चौकोनी बोगदा तयार होतो, आणि त्या बोगद्यात बेरियम राहतं. तोच बोगदा, आत पोटॅशियम जास्त असेल तर खनिज क्रिप्टोमेलेन. शिसं असेल तर कोरोनाडाइट. वाडा तोच, भाडेकरू बदलला की पाटी बदलते. दोन भाडेकरू एकत्र राहत असतील तर ज्याची संख्या जास्त त्याची पाटी. खाणीतली माणसं अजून या सगळ्या काळ्या, वाटोळ्या गोळ्यांना सरसकट ‘सिलोमेलेन’ म्हणतात. कामापुरतं ते ठीक आहे, पण प्रजाती म्हणून ते नाव आता चालत नाही.

उलटंही होतं. झारखंडच्या बोकारो कोळसाक्षेत्रात जमिनीखालच्या आगीने वितळलेल्या गाळात एक खनिज मिळालं. त्याचं रासायनिक सूत्र तंतोतंत कॉर्डिएराइट या आधीच माहीत असलेल्या खनिजाचं. पण अणूंची मांडणी षट्कोनी सममितीची निघाली, म्हणून १९५४ मध्ये ते वेगळं खनिज ठरलं. नाव इंडियालाइट. एक्सआरएफच्या चिठ्ठीवर हे दोघे जुळे भाऊ दिसतील.

आता रंग बदलण्याबद्दल. हे वाचून मला हसू आलं आणि थोडी लाजही वाटली, कारण विद्यार्थी असताना मी स्वतः याला फसलो आहे. रामटेककडच्या सहलीतून आणलेल्या एका दगडाचा मी पातळ छेद करत होतो. काचेच्या पट्टीवर कॅनडा बाल्समने दगडाची चकती चिकटवायची आणि काचेच्या पाट्यावर कार्बोरंडमची पूड, पाणी घालून घासत बसायचं, ती ०.०३ मिलिमीटर होईपर्यंत. बोटांची सालं निघतात. आणि शेवटच्या दोन मिनिटांत घाई केली तर सगळा दगड पाण्याबरोबर वाहून जातो. माझा वाचला. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पट्टी फिरवली तर एक कण गुलाबी झाला, आणखी फिरवली तर आकाशी. मी धावत सरांकडे गेलो. त्यांनी डोळा लावला, “ब्लॅनफोर्डाइट,” म्हणाले, आणि कपाटातून फर्मोर काढून काचुरवाहीचं पान समोर ठेवलं. माझा शोध साठ-सत्तर वर्षं जुना होता. वर ब्लॅनफोर्डाइटही आता स्वतंत्र खनिज मानत नाहीत. ते पायरॉक्सिन या खनिजगटातलं, मँगनीज असलेलं एक रूप आहे. दिशेप्रमाणे रंग बदलणं हा अनेक खनिजांचा गुण आहे. तो ओळखीला मदत करतो, नवेपण सिद्ध करत नाही. चुंबकाचं वर आलंच आहे.

फोटोतल्या दगडावर बुडबुड्यांसारखे खळगे आणि काचेसारखी चकाकी दिसते, म्हणून आणखी एक शंका. फेरोमँगनीजच्या भट्टीतला स्लॅग, म्हणजे धातू काढल्यावर उरणारी मळी, असाच दिसतो, आणि आपल्याकडे रस्त्याच्या भरावात तो भरपूर पडलेला असतो. भट्टीत झालेल्या पदार्थात कितीही अपूर्व रचना सापडली, तरी तो खनिज ठरत नाही. खनिज निसर्गाच्या हातून घडलेलं असावं लागतं. मात्र चिठ्ठीतला दगड आणि फोटोतला दगड एकच आहे की नाही, हे मेसेज पाठवणाऱ्यालाच ठाऊक.

‘त्याने स्वतःचं नाव दिलं.’ असं देता येत नाही. नव्या खनिजाचा प्रस्ताव आंतरराष्ट्रीय खनिजशास्त्र संघटनेच्या आयोगाकडे जातो. रासायनिक विश्लेषण, क्ष-किरणांची मोजमापं, स्फटिकरचना, प्रकाशीय गुण, कुठे आणि कोणत्या खनिजांच्या सोबतीने मिळालं, जवळच्या खनिजांपासून वेगळं कसं, हे सगळं त्यात द्यावं लागतं. नमुना कोणत्या संग्रहालयात कायमचा ठेवला तेही. स्वतःचं नाव देण्याची रीतच नाही, आणि जिवंत माणसाचं द्यायचं तर त्याची परवानगी लागते. आयोगाचे सदस्य खनिजावर आणि नावावर वेगवेगळं मत देतात. खनिजाला मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश होकार लागतात. मंजुरी येईपर्यंत नाव जाहीरसुद्धा करायचं नसतं. तेव्हा ज्याचं नाव आधी व्हॉट्सअॅपवर आलं, ते तिथे पोचलेलंच नाही असं समजा.

‘परदेशी लोक भारतीय नाव घेत नाहीत.’ इंडियालाइट यादीत आहेच. शिवाय २००८ मध्ये वर्णन झालेली दोन बोरेट खनिजं आहेत, एक सिझियमचं आणि एक रुबिडियमचं. दोघांचं नाव रामानाइट, सी. व्ही. रामन यांच्यावरून. रामन वित्त खात्यात असताना १९१० मध्ये काही महिने नागपुरात बदलीवर होते, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? आणि यादीतून गेलेल्या नावांत सीतापारसोबत व्रेडेनबर्ग आणि ब्लॅनफोर्ड हे साहेबही आहेत. रचनेला जात-देश कळत नाही.

कोटींच्या किमतीवर फार शाई घालवत नाही. दरवर्षी शंभराच्या आसपास नवी खनिजं मान्य होतात. बहुतेक भिंग लावूनच दिसणारी, काहींचा जगातला सगळा साठा एका चिमटीत मावेल. त्यांना बाजार नसतो. मँगनीज विकलं जातं ते टक्केवारीवर, आणि ट्रकने.

पुतण्याने संध्याकाळी फोन केला. “मंग काका, कोणाले खरंच असा गोटा भेटला तर?” मी म्हटलं, आधी फोडू नको आणि धुऊही नको. एका कागदावर लिही, कोणत्या गावाच्या, कोणत्या खड्ड्याच्या, कोणत्या बाजूला, कोणत्या दगडात चिकटलेला होता आणि तारीख काय. तो कागद आणि गोटा एकाच पिशवीत ठेव. मग लॉ कॉलेज चौकातल्या विद्यापीठाच्या भूविज्ञान विभागात घेऊन जा. तिथले लोक पहिला प्रश्न कागदाबद्दल विचारतील, दगडाकडे नंतर बघतील. फोटोतल्या दगडासोबत असा कागद आहे का, ते मी ग्रुपवर विचारलंय. दोन निळ्या टिका दिसतात, उत्तर अजून नाही.