गुण रद्द झाल्याच्या संदेशाबाबत खुलासा

‘नव्या धोरणाने गुण व श्रेणी रद्द झाल्या असून प्रभुत्वाधारित मूल्यमापनात कोणीही नापास होणार नाही’ असा संदेश ठाणे, वाशी व नेरूळच्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत फिरत आहे. तो चुकीचा आहे. प्रभुत्वाधारित मूल्यमापन म्हणजे प्रत्येक घटक विद्यार्थ्याला पक्का येतो का, हे तपासून मगच त्याला पुढे नेणे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने क्षमताधारित मूल्यमापन (पाठांतराऐवजी विद्यार्थ्याला काय करता येते हे तपासणे) व समग्र प्रगतिपत्रक (केवळ गुणच नव्हे, तर सर्वांगीण प्रगती नोंदवणारे) सुचवले असले, तरी दहावी-बारावीच्या बोर्ड परीक्षा कायम ठेवल्या आहेत. शिवाय महाराष्ट्रात २०२३ च्या नियमबदलानुसार, पाचवी किंवा आठवीच्या वार्षिक परीक्षेत आणि नंतरच्या फेरपरीक्षेतही अनुत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला त्याच वर्गात ठेवले जाते. प्रभुत्वाधारित पद्धत मुळात सोपी नाहीच: अपूर्णांकांची बेरीज न जमलेल्या मुलाला भूमितीतल्या गुणांच्या आधारे पुढे सरकता येत नाही, तो घटक पुन्हा शिकावाच लागतो. भरगच्च वर्गात त्यासाठी शिक्षकांना वेळ कुठून मिळणार, ही शंका मात्र रास्त आहे.