उशिरा येणारे मासिक पत्रक

माझी मुलगी नागपुरातील एका प्राथमिक शाळेत दुसरीत शिकते आणि तिच्या शाळेचे मासिक माहितीपत्रक दर महिन्याला उशिराच येते. पोळा पिठोरी अमावास्येला असतो आणि तान्हा पोळा त्याच्या दुसऱ्या दिवशी, हे पंचांगात वर्षभर आधी छापलेले असते. तरीही शाळेतल्या तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी नंदी सजवून आणण्याची सूचना आम्हांला आदल्या रात्री साडेनऊला मिळाली. त्या वेळी नंदी कुठून आणायचा? शेजारच्या काकूंनी नातवाचा जुना नंदी दिला म्हणून निभावले, पण मुलगी रडतच झोपली होती. रात्रपाळीला जाणाऱ्या आईवडिलांनी काय करावे? पत्रकात झालेल्या कार्यक्रमांची छायाचित्रे चार पाने भरून असतात, पुढच्या तारखांपुढे मात्र ‘लवकरच कळवू’ एवढेच लिहिलेले असते.