‘आहे’ या शब्दासाठी

छापील पुस्तकातून वाचलेली प्रार्थना मनापासूनची कशी असू शकते, असा प्रश्न नगरकडचे माझे नातेवाईक मला वारंवार विचारतात. प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर लिहीत आहे. मी ज्या मराठी मंडळीत वाढलो तिथे उपासनेचा क्रम अगदी साधा होता: ‘उपासना संगीता’तली गीते, पाळकांनी त्या वेळी सुचेल तशी केलेली प्रार्थना, शास्त्रवाचन आणि उपदेश. गेली काही वर्षे नोकरीनिमित्त मी जर्मनीत सॅक्सनी प्रांतातल्या लाइपझिगला राहतो, आणि तिथले प्रांतिक चर्च लुथरन, म्हणजे सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक मार्टिन लुथर याच्या परंपरेतले असल्यामुळे दर रविवारी त्या परंपरेतल्या उपासनेला जातो. सुरुवातीला तो क्रम मलाही परका वाटला होता.

तीन वर्षांपूर्वी वडील गेले आणि मला अंत्यविधीला पोहोचता आले नाही. त्यानंतरच्या रविवारी मी चर्चमध्ये बसलो होतो, पण मनात प्रार्थनेचा एक शब्दही नव्हता. त्या दिवशी उत्स्फूर्त प्रार्थनेची वेळ माझ्यावर आली असती तर मी उठून बाहेर गेलो असतो. तेवढ्यात सारी मंडळी ‘किरिये एलेइसोन’ म्हणू लागली. ‘प्रभू, दया कर’ एवढेच त्या ग्रीक शब्दांचे म्हणणे आहे. मी गप्प होतो, तरी माझ्या वतीने ते म्हटले जात होते, आणि माझ्या आधी शेकडो वर्षे माझ्यासारख्यांच्या वतीने म्हटले गेले होते. ठरलेले शब्द मनापासूनचे नसतात, हे मला तेव्हापासून पटत नाही. मन रिकामे असते तेव्हा ते शब्दच माणसाला धरून ठेवतात.

लुथरने जुनी उपासना मोडून टाकली, असा समज आपल्याकडे प्रॉटेस्टंट घरांतही आढळतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. तो वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपून राहिलेला असताना, 1521 च्या नाताळात, त्याच्या विटेनबर्ग शहरात त्याचा सहकारी कार्लश्टाट याने उपासनेत घाईने बदल सुरू केले. मार्च 1522 मध्ये लुथर परतला आणि त्याने आठ दिवस उपदेश करून लोकांना सबुरीचा मार्ग सांगितला. पुढे 1523 मध्ये त्याने लॅटिन उपासनाक्रम सुधारून दिला आणि 1526 मध्ये जर्मन क्रम छापला. त्यात त्याने काय वगळले आणि काय ठेवले, हे पाहण्यासारखे आहे. माणूस देवाला यज्ञ अर्पण करतो, असे सुचवणाऱ्या प्रार्थना त्याने काढल्या. प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीच्या, स्थापनेची ख्रिस्ताची जी वचने पूर्वी धर्मगुरू वेदीपाशी कुजबुजत म्हणत, ती मात्र त्याने शुभवर्तमानाच्याच चालीवर मोठ्याने गायला लावली. या एका बदलात मला सगळी लुथरन उपासना दिसते. ते शब्द मंडळीला उद्देशून आहेत, म्हणून ते मंडळीला ऐकू आलेच पाहिजेत.

मराठीत ‘देवाची सेवा’ म्हटले की आपण देवासाठी करतो तीच सेवा डोळ्यांसमोर येते. जर्मनमध्ये उपासनेला ‘गोटेसडीन्स्ट’ म्हणतात, आणि देव माणसाची करतो ती सेवा, असाही त्या शब्दाचा अर्थ लागतो. लुथरन शिकवणीत हा दुसरा अर्थ आधी येतो. पापक्षमा, वचन आणि प्रभुभोजन यांतून देव देतो, आपण घेतो, आणि आपली स्तुती हा त्याला दिलेला प्रतिसाद असतो.

म्हणूनच इथे एका क्रियापदावरूनही माणसे अडून बसली. 1529 मध्ये मारबुर्गच्या वाड्यात स्विस धर्मसुधारक त्स्विंग्लीशी प्रभुभोजनावर चर्चा करताना लुथरने भाकरीविषयीचे ख्रिस्ताचे ‘हे माझे शरीर आहे’ हे वचन खडूने मेजावर लिहून ठेवले होते. ‘आहे’चा अर्थ ‘दर्शवते’ असा लावायला तो तयार नव्हता. पुढे प्रशिया या जर्मन राज्याच्या राजाने लुथरन आणि रिफॉर्म्ड (त्स्विंग्ली, कॅल्व्हिन यांच्या परंपरेतल्या) मंडळ्या एकत्र आणण्यासाठी नवी उपासनापुस्तिका लागू केली. तिच्यात भाकर देताना ‘हे ख्रिस्ताचे खरे शरीर आहे’ असे सांगण्याऐवजी ‘ख्रिस्त म्हणतो, हे माझे शरीर आहे’ अशी शब्दरचना आली. दोन्ही पक्षांना चालेल असे ते वाक्य होते आणि नेमके म्हणूनच जुन्या लुथरन लोकांना ते चालले नाही. 1834 च्या नाताळाच्या सुमारास प्रशियाच्याच सायलेशिया प्रांतातल्या ह्योनिगर्न गावात चर्च ताब्यात घेण्यासाठी सैन्य आणले गेले. 1838 मध्ये पाळक काव्हेल यांच्याबरोबर कितीतरी कुटुंबे घरदार सोडून दक्षिण ऑस्ट्रेलियाला गेली. उपासनेला केवळ बाह्य उपचार समजणाऱ्यांनी या कुटुंबांचा विचार करावा, असे मला मनापासून वाटते.

संगीतकार बाख 1723 पासून 1750 पर्यंत याच लाइपझिग शहरात होता. आज तिकीट काढून ऐकल्या जाणाऱ्या त्याच्या कितीतरी रचना त्या त्या रविवारच्या शुभवर्तमानाच्या पाठासाठी आणि उपदेशाच्या जोडीने गाण्यासाठी लिहिलेल्या आहेत.

याचा अर्थ नगरच्या मंडळीने जर्मन चाली उचलाव्यात असा मुळीच नाही. सर्व ठिकाणचे विधी एकसारखे असण्याची गरज नाही, हे 1530 च्या आउग्सबुर्ग विश्वासपत्रातच, म्हणजे लुथरन श्रद्धेच्या मूळ जाहीरनाम्यातच, लिहिले आहे. 1524 मध्ये निघालेल्या पहिल्या लुथरन गीतपुस्तिकेत आठच गीते होती आणि त्यांतली चार लुथरची होती, कारण लोकांच्या भाषेत लोकांनी गावे हा त्याचा आग्रह होता. नारायण वामन टिळकांनी अभंगांतून आणि ओव्यांतून आपल्यासाठी तेच केले. ‘प्रभू, दया कर’ ओवीच्या चालीवर गायले तर त्यात मला काहीच वावगे वाटणार नाही. मला खटकते ते वेगळेच आहे. मागे सुट्टीत मी एका शहरातल्या मंडळीत गेलो होतो. तिथे पापांगीकार नव्हता, विश्वासाचा अंगीकार नव्हता, आणि दीड तासाची सगळी भिस्त वक्त्याच्या वाक्चातुर्यावर होती. त्याचा तो दिवस चांगला होता. ज्या दिवशी तो तसा नसेल, त्या दिवशी मंडळीला काय मिळणार?

ठरलेल्या क्रमात पाळक थकलेला असला, उपदेश फसला, तरी प्रभुभोजनातले ‘तुमच्यासाठी दिलेले’ हे शब्द उच्चारले जातातच. आणि शेवटी ‘परमेश्वर तुला आशीर्वाद देवो’ हा जुन्या करारातला अहरोनाचा आशीर्वाद येतो, जो लुथरने उपासनेच्या समाप्तीला आणला. तो जर्मनमध्ये एकवचनात आहे, आणि आपल्या मराठी शास्त्रातही ‘तुम्हांला’ नसून ‘तुला’च आहे. पाळक हात वर करून साऱ्या उभ्या मंडळीला एकदम ‘तुला’ म्हणतात. वडील गेल्यानंतरच्या त्या रविवारी मी तो शब्द मनातल्या मनात मराठीत ऐकला.