‘जड गिटारच घ्या’ म्हणणाऱ्यांना उत्तर

गिटार शिकणाऱ्या मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांमध्ये सध्या एक मजकूर फार फिरतोय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: इलेक्ट्रिक गिटार जितकी जड तितका सस्टेन, म्हणजे छेडलेला सूर टिकण्याचा वेळ, जास्त. गिब्सन कंपनीच्या जुन्या लेस पॉल गिटार जड होत्या, म्हणूनच त्यांचा टोन तसा होता. हलक्या गिटारला हलक्या प्रतीचं लाकूड असतं आणि आवाजही पातळ येतो. खांदा दुखत असेल तर तो सवयीचा भाग आहे. आणि शेवटी सल्ला, चार किलोच्या खालची गिटार घेऊच नका.

एरवी मी अशा फॉरवर्डना उत्तर देत बसत नाही. पण गेल्या महिन्यात माझ्या क्लासमधली पंधरा वर्षांची एक मुलगी नवी गिटार घेऊन आली. नवी म्हणजे वडिलांनी सेकंडहँड घेऊन दिलेली, लेस पॉलच्या आकाराची. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा माझ्याकडे असतो, त्याला ती टांगली. ४ किलो ७०० ग्रॅम. अर्ध्या तासाने तिने पट्टा उतरवला तेव्हा पट्ट्याच्या दोन्ही कडा खांद्यावर लाल उमटल्या होत्या. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, “ताई, जड आहे म्हणून तर घेतली.”

म्हणून एकेक मुद्दा घेते.

“वजन जास्त तितका सस्टेन जास्त.”

तार छेडली की तिच्यात आपण थोडी ऊर्जा भरतो. ती तीन वाटांनी निघून जाते: हवेत, तारेच्या स्वतःच्या आतल्या घर्षणात, आणि तारेच्या दोन टोकांमधून गिटारमध्ये. वजनवाल्यांचा सगळा भर या तिसऱ्या वाटेवर आहे. बॉडी जड असली की ती हलणार नाही, म्हणजे ऊर्जा तारेतच राहील. ऐकायला पटतं. पण आकडे बघा. दहा नंबरच्या सेटमधल्या (सगळ्यात बारीक तार ०.०१० इंच) सहाही तारांचा नटपासून, म्हणजे वरच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपासून, बॉडीवरच्या ब्रिजपर्यंतचा भाग मिळून साधारण १० ग्रॅम भरतो. तीन किलोची गिटार त्याच्या ३०० पट जड आणि साडेचार किलोची ४५० पट. तारेच्या दृष्टीने दोन्ही डोंगरच.

खरं हलतं ते दुसरीकडेच. गिटारमधला सगळ्यात लवचीक भाग नेक, म्हणजे तिची मान आहे. लांब, बारीक, एका टोकाला मोकळा, आणि त्याच मोकळ्या टोकावर सहा खुंट्यांचं ओझं. प्रत्येक नेकच्या डोलण्याच्या स्वतःच्या कंप्रता ठरलेल्या असतात. एखादा सूर त्यांपैकी एकीच्या जवळ आला की नेक त्याच्याबरोबर थरथरू लागतो आणि तारेतली ऊर्जा ओढून घेतो. सूर लागतो आणि लगेच विझतो. यालाच डेड स्पॉट म्हणतात. फेंडर कंपनीची बास गिटार वाजवणाऱ्या कुणालाही विचारा, जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटमध्ये (फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) तो कुठेतरी हमखास भेटतो. जर्मनीत हेल्मुट फ्लायशर आणि टिलमान त्स्विकर यांनी १९९० च्या दशकात गिटारच्या नेकवर मोजमापं घेऊन हेच दाखवलं: नेक ज्या जागी, ज्या कंप्रतेला सहज हलतो, तिथला सूर लवकर मरतो.

त्या मुलीच्या गिटारवर हे आम्ही दोघींनी करून पाहिलं. जी तारेवर अकराव्या फ्रेटचा सूर चार सेकंदांत विझत होता, शेजारचे सूर मात्र नऊ-दहा सेकंद टिकत होते. मोबाइलचं स्टॉपवॉच लावून मोजलं. मग तिला म्हटलं, हेडस्टॉकचं, म्हणजे खुंट्यांच्या भागाचं, टोक त्या लाकडी कपाटाला घट्ट टेकव आणि तोच सूर परत वाजव. सूर लांबला, तिचे डोळे मोठे झाले. बॉडीचं वजन एका ग्रॅमनेही बदललं नव्हतं. आणि ४ किलो ७०० ग्रॅम वजन असूनही मुळात डेड स्पॉट टळला नव्हताच.

सस्टेन खाणाऱ्या बाकीच्या गोष्टी तर आणखी साध्या आहेत. महिनोन्‌महिने न बदललेल्या तारा, नटची नीट न कापलेली खाच, झिजलेले फ्रेट. आणि तारांच्या फार जवळ आणलेले पिकअप, म्हणजे तारांची थरथर विजेत बदलणारे तारांखालचे भाग. हे विशेषतः स्ट्रॅटवर, म्हणजे फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरवर होतं, कारण तिथल्या पिकअपमध्ये तारांखाली थेट चुंबकाचे खांब असतात. ते तारेला ओढतात, वरच्या फ्रेटवर सूर डळमळतो आणि लवकर संपतो. स्क्रूड्रायव्हरने पिकअप दोन फेरे खाली करा आणि ऐका.

“जुन्या लेस पॉल जड होत्या.”

हे तर सरळ उलटं आहे. लेस पॉल १९५२ मध्ये आली. आज जिच्यासाठी संग्राहक वाटेल ती किंमत मोजतात ती १९५८ ते १९६० ची सनबर्स्ट रंगातली लेस पॉल. लेड झेपलिनच्या जिमी पेजची प्रसिद्ध गिटार त्याच पिढीतली, १९५९ ची. या गिटार बहुतेक ४ किलोच्या आसपास भरतात, कित्येक त्याहून थोड्या कमीच. साडेचार-पाच किलोच्या दणकट लेस पॉल १९७० च्या दशकातल्या आहेत, आणि त्यांना सनबर्स्टची सर कुणी देत नाही. पुढे १९८० च्या दशकात खुद्द गिब्सननेच बॉडीत आतून भोकं पाडून वजन उतरवायला सुरुवात केली. जडपणातच टोन असता तर त्यांना हा उद्योग करायची गरज काय होती?

यावरून कुणी ‘हलकी तीच चांगली’ असा नवा नियम काढू नये. आता काही विक्रेते हलक्या गिटारचे वरचे पैसे लावू लागलेत. खांद्यासाठी ते देणं मला समजतं, टोनसाठी नाही.

“हलकं लाकूड म्हणजे हलक्या प्रतीचं.”

वजनाचा आणि प्रतीचा असा संबंध नाही. एकाच जातीच्या दोन झाडांच्या फळ्या वेगळ्या भरतात, हे कुठलाही सुतार सांगेल. फेंडरच्या १९५० च्या दशकातल्या गिटारचं नावाजलेलं अ‍ॅश झाडाचं लाकूड हे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या पाणथळ जमिनीतलं, हलकंच असे. तसं लाकूड मिळेनासं झाल्यावर जड अ‍ॅश आलं, आणि १९६८ मध्ये वजन कमी करायला आतून पोकळ केलेली टेलिकास्टर थिनलाइन काढावी लागली. जड फळी ही त्यांच्या दृष्टीने अडचण होती.

“हलकी गिटार पातळ वाजते.”

गिब्सनचीच एसजी ही लेस पॉलहून कितीतरी पातळ आणि हलकी. ब्लॅक सॅबथच्या टोनी आयोमीने हेवी मेटलचा पाया तिच्यावर घातला, एसी/डीसीचा अँगस यंग आयुष्यभर तीच घेऊन रंगमंचावर धावत आलाय. जिमी हेंड्रिक्सची स्ट्रॅट घ्या. बहुतेक स्ट्रॅट साडेतीन किलोच्या आसपास असतात, म्हणजे या मजकुराच्या हिशेबाने हेंड्रिक्सने चुकीची गिटार घेतली. आणि डॅनइलेक्ट्रो? ती लाकडी चौकटीवर मेसोनाइट, म्हणजे लाकडाच्या तंतूंचे दाबून केलेले पत्रे, ठोकून बनवायचे. तीही जिमी पेजने वाजवली आहे.

मला वाटतं हा गैरसमज आपल्या कानांवरच्या दुसऱ्या संस्कारातून येतो. मिरजेच्या तानपुऱ्यात भोपळा घुमतो, तोच आवाज मोठा करतो, त्याला भरदारपणा देतो. भोपळा बदलला की तानपुरा बदलला. इलेक्ट्रिक गिटारमध्ये हे काम भोपळ्याकडे नाही, लाकडाकडेही नाही. पोलादी तार चुंबकीय क्षेत्रात हलते, पिकअपच्या वेटोळ्यात वीज निर्माण होते, आणि पुढचं सगळं पिकअप, पॉट (आवाज आणि टोन कमी-जास्त करायच्या बटणामागचा भाग), केबल, अ‍ॅम्प आणि स्पीकर यांच्या हातात. पॉट २५० किलोओहमचा लावला की ५०० चा, यानेसुद्धा आवाजाची तकाकी चटकन बदललेली ऐकू येते.

लाकडाचा काहीच परिणाम होत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. बॉडी आणि नेक कसे थरथरतात त्याने तारेची चाल थोडी बदलते. ईएस-३३५ सारखी अर्धपोकळ गिटार मोठ्या आवाजाच्या अ‍ॅम्पसमोर वेगळी वागते, कारण अ‍ॅम्पचा आवाजच तिची बॉडी हलवतो. आणि हलकी गिटार पोटाशी धरली की बरगड्यांना तिची थरथर जाणवते. वाजवणाऱ्याला त्याने सुख मिळतं, आणि त्या सुखाने माणूस चांगलं वाजवतो. पण यातलं काहीही काट्यावरच्या आकड्यावरून ओळखता येत नाही.

“खांदा दुखणं ही सवयीची बाब.”

या वाक्याचा मला खरोखर राग येतो.

मी आठ वर्षं वाद्यवृंदात वाजवलं. गणपतीत लागोपाठ कार्यक्रम असायचे, एकेक तीन-तीन तास उभ्याने. माझी गिटार तेव्हा ४ किलो ३०० ग्रॅमची होती. सवय झाली, पण कसली? डावा खांदा वर उचलून, कंबर एका बाजूला काढून उभं राहायची. तिसऱ्या वर्षी डाव्या हाताची करंगळी कार्यक्रमाच्या मध्येच बधिर व्हायला लागली. मोठी माणसंसुद्धा मला “होईल सवय” म्हणाली होती.

गिटार बनवणाऱ्यांनी ही तक्रार ७० वर्षांपूर्वीच ऐकली होती. टेलिकास्टरच्या सरळ कडा वादकांच्या बरगड्यांना आणि हाताला रुतत, म्हणून १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरची पाठ पोटाशी खोलगट केली आणि हात टेकतो ती कड उतरती केली. आज गिटारचा सगळ्यात ओळखीचा आकार म्हणजे एका दुखण्यावरचा उपाय आहे.

आरामाच्या बाबतीतही नुसतं वजन बघून भागत नाही. एसजी हलकी असते, पण पट्टा गळ्यात असताना नेकवरचा हात सोडून बघा, नेक हळूहळू जमिनीकडे झुकतो. मग डावा हात सूर दाबायचा की नेक सावरायचा? साडेतीन किलोची, तोल नीट असलेली गिटार अशा तीन किलोच्या गिटारपेक्षा सोपी जाते. पट्टा कुठे अडकवलाय, किती रुंद आहे, आतून घसरणारा आहे की धरून ठेवणारा, यानेही फार फरक पडतो. दोन इंची नायलॉनऐवजी तीन इंची चामडी पट्टा लावला की तेच वजन दीडपट जागेवर पसरतं.

दुकानात म्हणूनच बसून गिटार वाजवू नका. पट्टा मागून घ्या आणि वीस मिनिटं उभं राहून वाजवा. दुकानदार कंटाळला तरी चालेल. प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट एकदा दाबून कुठे सूर मरतो ते ऐका.

त्या मुलीच्या वडिलांना मी फोन केला. गिटार परत घ्यायला विकणारा तयार नव्हता, आणि एवढे पैसे पुन्हा घालणं त्यांना शक्य नव्हतं. म्हणून आम्ही तिला तीन इंची पट्टा घेतला, नव्या तारा चढवल्या, पिकअप खाली केले, आणि घरचा सराव खुर्चीवर बसून करायचा असं ठरवलं. शाळेच्या स्नेहसंमेलनात ती माझी ३ किलो १०० ग्रॅमची गिटार घेऊन उभी राहणार आहे.