ऐपत नाही तर कर्ज काढतात कशाला?

शाळेच्या ग्रुपवर आज एकानं गटाचं कर्ज घेणाऱ्या गरीब बायकांबद्दल हे टाकलं आणि खाली अंगठ्यांची रांग लागली. तिथं भांडण नको म्हणून गप्प बसले. इथं नाही बसणार.

आमच्या गल्लीत एक अक्का राहते. विड्या वळते. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू, बोलता बोलता बोटं चालूच. नवरा लूमवर होता, दम लागायला लागला तसं काम सुटलं. मागच्या मंगळवारी तिच्या ओट्यावर मायक्रोफायनान्सच्या गटाची मीटिंग होती (बायकांचा गट करून कर्ज देतात, एकीचा हप्ता चुकला की बाकीच्यांवर येतो) आणि तिच्याकडे हप्ता नव्हता. वसुलीचा पोरगा गाडीवर बसून मोबाईल बघत होता. ना आवाज चढवला, ना शिवी दिली. "सगळ्यांचं जमा झाल्याशिवाय मीटिंग संपत नाही," एवढंच म्हणाला. पुढचं काम बायकांनीच केलं. एकीचा भात गॅसवर, एकीची विडी कारखान्याच्या ब्रँचला विड्या द्यायची वेळ टळत चाललेली. अक्काच्या पोरीच्या लग्नात रात्रभर पुऱ्या लाटणारी बाई तिला नको नको ते बोलली.

आणि म्हणे बिनतारणी कर्ज! अख्खा शेजार तारण ठेवून घेतात की राव.

तुमच्यातल्या निम्म्यांची पर्सनल लोनं चालू आहेत. कार्डावर दुबई झाली, फ्रिज झाला, तेही बिनतारणीच. तुमचा हप्ता चुकला तर मेसेज येतो. शेजारचे काका येऊन तुमच्या दारात बसत नाहीत. तुमची ती गरज, तिची ती उधळपट्टी?

हो, पहिल्या कर्जातून पोराला मोबाईल आला. मान्य. दुसरं नवऱ्याच्या दवाखान्यात गेलं आणि तिसरं या दोघांचे हप्ते भरण्यात. याची टोपी त्याच्या डोक्यावर.

रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे नियम आहेत. वर्षाला ३ लाखांपर्यंत कमाई असलेल्या घराला हे कर्ज देताना सगळे हप्ते मिळून महिन्याच्या कमाईच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करायचा नाही. वाचायला छान. (त्याच नियमांनी व्याजाची मर्यादाही उठवली, ते सोडा.) तीन गटांची हप्त्यांची तीन कार्डं एकाच घरात आली तेव्हा निम्म्याचा हिशोब कुणी केला? कागदावर कमाई जरा फुगवली की सगळं बसतं.

सावकार याहून वाईट होता, बँकेनं तिला कधी दारात उभं केलं नाही, हेही खरं. त्या पोराचाही मला तेवढा राग नाही. कुठल्यातरी खेड्यातून बीए होऊन आलेला, डोक्यावर टार्गेट. उन्हातान्हात फिरतो बिचारा.

पण मंगळवारचं डोक्यातून जात नाही. याच सोलापुरातल्या विडीवाल्या बायकांनी लढून कुंभारीला दहा हजार घरांची वसाहत मिळवली. एकत्र कसं यायचं हे त्यांना कुणी शिकवायला नको. तीच एकी आता फुकटात वसुलीला जुंपलीय. शेवटी शिव्या देणाऱ्या त्याच बायकांनी पदराच्या गाठी सोडून अक्काचा हप्ता भरला. पोरानं नोटा मोजल्या, गाडीला किक मारली आणि जाता जाता विचारलं, "अक्का, टॉप-अप कर्ज देऊ का? तुमचं रेकॉर्ड चांगलं आहे."

आणि तुम्ही विचारताय कर्ज काढतात कशाला! देतात कशाला हे विचारायला एकाचंही तोंड उघडलं नाही.

रविवारी सकाळी अक्का तिन्ही कार्डं आणि होते नव्हते ते कागद घेऊन माझ्याकडे येणार आहे. किती व्याज गेलं, किती मुद्दल राहिलं, मला कळत नाही. बँकेत काम करणाऱ्यांनी या, कॅल्क्युलेटर आणा, चहा माझ्याकडे. ग्रुपवर अंगठा देणाऱ्यांत बँकवाले दोघं आहेत. त्यांना खास आमंत्रण.