फोंताईन्हासच्या कौलांनी तुमचा फ्लॅट अडवलेला नाही

पंधरा दिवसांत तोच संदेश मला चार ठिकाणांहून आला. आधी शाळेच्या गटावर, मग सोसायटीच्या, मग नाट्यमंडळाच्या आणि शेवटी आमच्या घरच्याच गटावर. तिथे तो भाच्याने टाकला होता, खाली हात जोडलेले आणि 'पुढे पाठवा'. सांगणं थोडक्यात असं: युनेस्कोने फोंताईन्हासला, पणजीतल्या जुन्या पोर्तुगीज वळणाच्या घरांच्या वस्तीला, जागतिक वारसा ठरवल्यामुळे पणजीचं मधलं शहर गोठून पडलंय. हे नियम काढले तर तिथे शेकडो फ्लॅट होतील आणि गोंयकार तरुणाला परवडतील. जुनी घरं पडतात तीही या नियमांमुळेच. आणि मुळात वारसा पोर्तुगीजांचा, तो आपण का सांभाळायचा?

मी फोंताईन्हासला लागून असलेल्या मळा या वस्तीत वाढले, माहेर अजून तिथंच आहे. त्यामुळे नुसता अंगठा दाखवून पुढे जाणं जमलं नाही.

युनेस्कोचं लगेच संपतं. त्यांच्या यादीत १९८६ साली गेली ती जुन्या गोव्याची चर्चेस आणि कॉन्व्हेंट्स, पणजीपासून नऊ-दहा किलोमीटरवरची. फोंताईन्हास त्या यादीत नाही. गाइड लोक पर्यटकांना बिनदिक्कत तसं सांगतात, आता आपण एकमेकांना सांगू लागलो. केंद्राचा पुरातत्त्व कायदा, स्मारकापासून शंभर मीटर बांधकामबंदी आणि पुढचे दोनशे मीटर परवानगीने, हा जुन्या गोव्यात लागतो. (तिथेही संरक्षित भागात बंगला उभा राहिला आणि लोकांना २०२१ मध्ये आंदोलनाला बसावं लागलं, ही गोष्ट वेगळी.) फोंताईन्हासला लागतात ते आपले, राज्याचे नियम. संवर्धन क्षेत्र म्हणून आखलेला भाग, उंचीवर मर्यादा, दर्शनी बाजू आणि उतरतं छप्पर राखायचं, मोठा फेरफार असेल तर संवर्धन समितीपुढे जायचं. म्हणजे बदलायचे तर पर्वरीला विधानसभेत बदलता येतील, त्यासाठी पॅरिसला पत्र लिहायला नको.

आता शेकडो फ्लॅट. सां सेबास्तियांवच्या कपेलापासून पोस्ट ऑफिसपर्यंत रमतगमत गेलात तरी दहा मिनिटं लागतात. त्यात कांपाल, आल्तिनोचे काही भाग मिळवा. उरलेल्या पणजीत वारशाच्या नियमाने कोणाचा हात धरला होता? अठरा जून रस्त्यावर, सांतिनेजला, मिरामारला जुनी घरं पाडून इमारती उभ्या राहिल्याच. माझ्या लहानपणी अठरा जून रस्त्याला अंगणं होती, आज खाली दुकानं, वर वकील आणि दंतवैद्य. पलीकडे ताळगाव, दोनापावल, कदंब पठार. तिथे कुठला बाल्कांव, म्हणजे जुन्या घराचा बसायचा ओटा, आडवा आला? इतकं बांधून झालं, दर उतरले का?

घरं वाढली की दर उतरतात, हे मी नाकारत नाही. पण घर वाढलं म्हणजे कोणीतरी त्यात राहायला हवं. २०११ च्या जनगणनेत गोव्यातल्या दर पाच घरांपैकी साधारण एक रिकामं निघालं होतं. भाड्याच्या घरासाठी वणवण करणारी माणसं आणि कुलपं लावलेली घरं, दोन्ही एकाच राज्यात.

हे मला आकड्यांच्या आधी कळलं ते आमच्याकडे कचरा न्यायला येणाऱ्या बाईकडून. पणजीत ओला-सुका कचरा दारावरूनच नेतात. मी हल्ली राहते त्या रस्त्यावर नवी इमारत झाली, चोवीस फ्लॅटची, सगळे विकले गेलेले. एका सकाळी मी सहज म्हटलं, आता तुझं काम वाढलं असेल. ती हसली. "कुठे बाय? चोवीस दारं, बादल्या नऊ." मग बोटावर मोजत म्हणाली, दोन दिल्लीवाले डिसेंबरात येतात, तिसऱ्या मजल्यावर दर शुक्रवारी नवी माणसं आणि नुसत्या बाटल्या, बाकीचे तिने कधी पाहिलेलेच नाहीत. कुठल्या सर्वेक्षणाला हे इतकं नेमकं सापडलं नसतं.

त्याच इमारतीची जुळी बहीण फोंताईन्हासमध्ये उभी केली तर ती कोण घेणार? नियम उठला की पहिल्यांदा वाढेल तो जमिनीचा भाव, आणि तो फ्लॅटच्या किमतीतूनच वसूल होणार. जाहिरातीत 'वारसा वस्तीतलं घर' असं छापतील, वारसा पाडून. आमच्या भाच्याच्या पगाराचा त्यात कुठे संबंध येतो ते मला संदेश तीनदा वाचूनही सापडलं नाही.

आणि मळ्याची जमीन कशी आहे ते आम्हाला विचारा. पाठीशी आल्तिनोचा डोंगर, पुढ्यात ओरेमची खाडी, मधे सखल पट्टा. जोराचा पाऊस आणि भरती एकदम गाठली की पाणी जायचं कुठे? आई अजूनही जूनमध्ये तांदळाचा डबा खालच्या फळीवर ठेवत नाही. तिथे तळघरात गाड्या आणि वर सहा मजले ही कल्पना ज्याने काढली तो आमच्याकडे पावसाळ्यात चहाला आलेला नसणार.

बांधकामाला परवानग्याच मिळत नाहीत हा सूर तर गोव्यात हसण्यावारी न्यावा असा. २०२३ मध्ये नगर नियोजन कायद्यात १७(२) कलम आलं आणि प्रादेशिक आराखड्यातल्या 'चुका दुरुस्त' करण्याच्या नावाखाली भाताची शेतं, बागायती सेटलमेंटमध्ये, म्हणजे बांधकामाला मोकळ्या क्षेत्रात, जाऊ लागल्या. त्याचे नियम उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द केले. अडलंय ते जमिनीवाचून नाही.

पडक्या घरांचा मुद्दा मात्र वाऱ्यावर सोडण्यासारखा नाही, कारण घरं पडताहेत हे खरंच आहे. आमच्या आळीत एक आहे. निळा रंग उडालेला, भिंतीतून पिंपळ आलेला, दाराच्या फटीतून आत सरकवलेली पत्रं उंबऱ्याशी साचून पिवळी पडलेली. ते कुठल्या समितीने अडवलेलं नाही. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या आपल्या वारसाहक्काच्या कायद्यात मुलगा-मुलगी सगळ्यांचा वाटा असतो, आईबापाला कोणा एकाला सगळं देता येत नाही. कायदा न्यायाचाच आहे, माझाही त्यात वाटा आहे, तक्रार नाही. पण तीन पिढ्यांत इन्व्हेंटरी, म्हणजे कोर्टातून मालमत्तेची वाटणी, झाली नाही तर एका घराला वीस-पंचवीस धनी होतात. कोणी लिस्बनला, कोणी मुंबईला, कोणी टोरांटोला. एक सही अडली की कौलं बदलायलाही कोणी पैसे काढत नाही.

जिथे धनी एकच आहे तिथे १९६८ चा भाडे नियंत्रण कायदा. एकदा भाडेकरू ठेवला की भाडं वाढवता येत नाही आणि घर सोडवून घ्यायला निम्मं आयुष्य जातं, ही भीती इतकी मुरली आहे की माणसं घर बंद ठेवतात. नाहीतर गेस्ट हाऊस करतात. पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई, असं आजी म्हणायची. आता तिसऱ्या दिवशी राहणारा तिसरे पैसे देतो. वारशाचा नियम घराचा दर्शनी भाग बघतो, आत संसार चाललाय की चेक-इन, ते बघत नाही. खरी खोट असेल तर ती इथे आहे.

आणखी एका बाबतीत संदेश लिहिणाऱ्याच्या बाजूने मी उभी राहते. शेजारच्या काकींना वासे बदलायचे होते. वाळवी लागलेली. अर्ज केला, एका कार्यालयातून नकाशा मागितला, नकाशा दिला तर जुना फोटो मागितला, फोटो दिला तोवर मृग लागला. तो पावसाळा त्यांनी निळ्या ताडपत्रीखाली काढला. घर 'सगळ्यांचा ठेवा' म्हणायचं आणि चुन्याचा, सागाचा, सुताराचा खर्च एकट्या विधवेने करायचा, हा काय न्याय? मुंबईत १९९५ च्या वारसा नियमांबरोबर मालकाला न वापरलेलं बांधकाम क्षेत्र दुसरीकडे विकायची वाट ठेवली होती. तसं काही मागा, दुरुस्तीला महिन्याभराची मुदत मागा, मी सही करायला येते. पण काकींना ताडपत्री नको होती म्हणून तिथे टॉवर हवा, हा हिशेब त्यांनी केलेला नाही, तुम्ही त्यांच्या नावावर केलाय.

राहिला पोर्तुगीजांचा वारसा. चिरे इथल्या डोंगरांतले, ते घडवणारे इथले, सुतार इथले, घरांत दीडशे-दोनशे वर्षं राहिले तेही इथलेच. आल्तिनोच्या उतारावरचा मळ्याचा मारुती ह्याच गल्ल्यांतून दिसतो, त्याच्या जत्रेला मळा फुलतो. आणि हा संदेश पाठवणारे निदान दोघे तरी पुण्याचे पाहुणे आले की पहिला फोटो ह्याच पिवळ्या भिंतींसमोर काढतात, हे मी त्यांच्याच स्टेटसवर पाहिलंय.

भाच्याला मी हे सगळं लिहून पाठवलं. त्याचा फोन आला. म्हणाला, मावशी, मला वाद नाही घालायचा, मला घर पाहिजे. पणजीतच, पाटोवर नोकरी आहे, म्हणून फोंताईन्हासमध्ये दोन खोल्या भाड्याने बघायला गेला होता. वर दोन खोल्या रिकाम्या, स्वच्छ, खिडकीतून खाडी दिसते. त्याने महिन्याचं भाडं विचारलं. मालक म्हणाला, "महिन्याचं नसतं हो, रात्रीचं असतं."

तो आता पर्वरीला राहतो आणि सकाळी आठला मांडवीच्या पुलावर अडकलेला असतो. तो संदेश त्याने तिथूनच पाठवला होता.