होम स्क्रीन पुसली म्हणून फोन पळत नाही

‘होम स्क्रीन रिकामी करा, फोन नव्यासारखा होईल’ हा सल्ला फिरून फिरून समोर येतो. कधी छोट्या व्हिडिओत, कधी फॉरवर्ड होऊन. शब्द बदलतात, मुद्दे तेच: आयकॉन काढले की जागा आणि रॅम मोकळी होते, काळ्या वॉलपेपरने बॅटरी दुप्पट चालते, विजेट (हवामान, कॅलेंडर वगैरे थेट होम स्क्रीनवर दाखवणारे चौकोन) बॅटरी खातात, मागे उघडी राहिलेली ॲप्स रोज बंद करावीत, हलका लाँचर (होम स्क्रीन चालवणारं ॲप) टाकावा, आणि एवढं केलं की फोनचं व्यसनही सुटतं. होम स्क्रीन आवरायला माझी काहीच हरकत नाही, नीटनेटकी स्क्रीन मलाही आवडते. पण आवरायची म्हणून जी कारणं दिली जातात, त्यातली बरीचशी टिकत नाहीत.

पहिला मुद्दा जागेचा. होम स्क्रीनवर दिसतो तो ॲपकडे नेणारा शॉर्टकट. अँड्रॉइडवर तो दाबून धरून ओढलात की बहुतेक फोनवर ‘रिमूव्ह’ आणि ‘अनइन्स्टॉल’ असे दोन वेगळे पर्याय दिसतात. ‘रिमूव्ह’ केलं तर ॲप जसंच्या तसं ड्रॉवरमध्ये, म्हणजे सगळ्या ॲप्सच्या यादीत, राहतं, त्याच्या डेटासकट. आयफोनमध्येही २०२० साली आयओएस १४ बरोबर ॲप लायब्ररी आली, तेव्हापासून ‘डिलीट ॲप’ आणि ‘रिमूव्ह फ्रॉम होम स्क्रीन’ वेगळं विचारलं जातं. दुसरं निवडून एक एमबीसुद्धा सुटत नाही. जागाच हवी असेल तर स्टोरेजची यादी उघडा आणि जे वापरतच नाही ते काढून टाका. डेटा हवा पण ॲप नको, असं असेल तर आयफोनमध्ये ‘ऑफलोड’ आहेच. अँड्रॉइड १२ पासून तर महिनोन्‌महिने न उघडलेली ॲप्स सिस्टीम स्वतःच निजवून ठेवते: दिलेल्या परवानग्या काढून घेते, कॅशे (तात्पुरता साठवलेला डेटा) पुसते. त्या ॲपचा आयकॉन समोर आहे की नाही, याच्याशी तिला काही देणंघेणं नसतं.

काळ्या वॉलपेपरच्या दाव्यात तथ्याचा अंश आहे, म्हणूनच तो पसरतो. ओएलईडी पडद्यावर काळा पिक्सेल खरोखर बंद असतो. एलसीडीवर मात्र मागचा दिवा चालूच राहतो, तिथे काळ्या रंगाने काही वाचत नाही. आणि ओएलईडी असला तरी वॉलपेपर दिसतो किती वेळ? ॲप उघडलं की तो झाकला जातो. खुद्द ॲप्सच्या डार्क मोडचं मोजमाप पर्ड्यू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये केलं होतं. ब्राइटनेस ३० ते ५० टक्के असताना बचत सरासरी ३ ते ९ टक्के निघाली. पूर्ण ब्राइटनेसला ती ३९ ते ४७ टक्क्यांपर्यंत गेली, पण घरात बसून पूर्ण ब्राइटनेसवर फोन कोण वापरतं? तेव्हा ‘दुप्पट’ विसरा. आवडत असेल तर काळा वॉलपेपर जरूर ठेवा, आयकॉन त्यावर उठून दिसतात, हे कारण पुरेसं आहे.

विजेटबद्दल बोलतात ते जुन्या अनुभवावरून असावं. आज विजेट मनाला येईल तेव्हा ताजं होत नाही. अँड्रॉइडमध्ये वेळापत्रकानुसार ताजं होणारं विजेट अर्ध्या तासातून एकदाच्या वर ताजं होऊ शकत नाही. ॲपला स्वतः मागे चालून ते बदलता येतं, पण त्या मागच्या चालण्यावरही सिस्टीमचे निर्बंध आहेत. आयफोनवर नेहमी पाहिलं जाणारं विजेट दिवसाला साधारण ४० ते ७० वेळा ताजं होतं. कॅलेंडरचं किंवा हवामानाचं विजेट पाहून तुमचं काम भागत असेल, तर त्यापायी ॲप उघडणं वाचतं. सतत लोकेशन मागणारं विजेट मात्र संशयाने बघावं. म्हणजे विजेट किती आहेत हे मोजण्यापेक्षा त्यातलं कोणतं काय मागतं ते बघा.

मागची ॲप्स ढकलून देण्याबद्दल थोडक्यात: नको. २०१६ मध्ये ॲपलचे क्रेग फेडरिगी आणि तेव्हा अँड्रॉइड सांभाळणारे हिरोशी लॉकहायमर, दोघांनीही याने बॅटरी वाचत नसल्याचं सांगितलं होतं. रिसेंट्समध्ये (अलीकडे उघडलेल्या ॲप्सच्या पडद्यावर) दिसणारं ॲप बहुधा गोठवलेलं असतं. ते मारून पुन्हा शून्यातून उघडायलाच जास्त खर्च येतो. अडकलेलं ॲप किंवा चालू राहिलेलं नेव्हिगेशन बंद करा, बाकीच्यांना हात लावू नका. तरीही लोक हे करतच राहणार, कारण एकेक कार्ड भिरकावण्यात मजा येते.

हलका लाँचर हा सल्ला फक्त अँड्रॉइडवाल्यांसाठी, आयफोनमध्ये होम स्क्रीन बदलून दुसरी लावताच येत नाही. नवा लाँचर टाकला म्हणून जुना जात नाही, तो सिस्टीमचा भाग असतो. शिवाय अनेक फोनमध्ये बोटाने वर सरकवण्याच्या खुणा आणि रिसेंट्सचा पडदा कंपनीच्या लाँचरला जोडलेला असतो, त्यामुळे दुसरा लावल्यावर तिथेच झटके बसतात. वेगासाठी केलेली खटपट वेगाच्या मुळावर येते ती अशी. लाँचर बदलायचाच तर मांडणीसाठी बदला: अक्षरांची उभी यादी हवी, आयकॉनचा आकार हवा तसा हवा, वगैरे. आणि एक बघा. दोनदा टिचकी मारून स्क्रीन लॉक करण्यासारख्या सोयीसाठी काही लाँचर ॲक्सेसिबिलिटीची (मुळात अपंगांच्या सोयीसाठी असलेली) परवानगी मागतात. मागण्याला कारण असतं, पण त्या परवानगीने स्क्रीनवरचा मजकूर वाचता येतो. अनोळखी लाँचरला ती देऊ नका, टिचकीवाचून काही अडत नाही.

उरला व्यसनाचा मुद्दा, आणि माझं खरं भांडण याच्याशी आहे. सोशल मीडियाचं ॲप पहिल्या पानावरून हलवलं की सुरुवातीला बोट रिकाम्या जागी जातं आणि माणूस क्षणभर थबकतो, हे मान्य. पण बोट नवी जागा लवकरच शिकतं. सर्चमध्ये दोन अक्षरं टाकली की ॲप हजर. आणि नोटिफिकेशन तर होम स्क्रीनवर पाऊल न ठेवता थेट आत नेतं. पसारा आहे तो इथे. दार लावून घेतलं आणि बेल मात्र चालू ठेवली, तर दाराचा उपयोग काय?

म्हणून आयकॉन रंगांनुसार लावण्यात संध्याकाळ घालवण्याआधी नोटिफिकेशनकडे वळा. अँड्रॉइड ८ पासून, म्हणजे २०१७ पासून, ॲपला आपल्या सूचना प्रकारांत वाटाव्या लागतात. नको असलेली सूचना आली की तिच्यावर बोट दाबून धरा, सेटिंगमध्ये जा आणि तेवढा एक प्रकार बंद करा. सामान कुठवर आलं ते कळत राहील, ‘फक्त आजच सूट’ कळणार नाही. काही ॲप्स मुद्दाम सगळं एकाच प्रकारात कोंबतात, अशांच्या सूचना पूर्ण बंद कराव्यात, त्यांची तीच लायकी. आयफोनमध्ये ‘शेड्यूल्ड समरी’ लावली की निवडलेल्या ॲप्सच्या सूचना ठरलेल्या वेळी एकगठ्ठा येतात.

मग स्क्रीनकडे या. मोठ्या फोनवर अंगठा सहज पोचतो तो खालच्या भागात, रोजची ॲप्स तिथे असू द्या. आयफोनमध्ये २०२४ च्या आयओएस १८ पासून वरचा भाग रिकामा सोडता येतो, त्याआधी आयकॉन आपोआप वर सरकून बसायचे. नवीन ॲप स्वतःहून होम स्क्रीनवर येणं दोन्हीकडे सेटिंगमधून थांबवता येतं, आणि पसारा पुन्हा होतो तो बहुतेक याच वाटेने. ॲपलचं ‘शॉर्टकट्स’ हे ॲप वापरून आयफोनचे आयकॉन बदलणार असाल, तर त्यांच्यावर न वाचलेल्या संदेशांचा लाल आकडा दिसत नाही. काहींना ती उणीव वाटते, मला तोच फायदा वाटतो.

कोणत्या ॲपच्या सूचना बंद करायच्या हे ठरवायला अंदाजाची गरज नाही. अँड्रॉइडमधलं डिजिटल वेलबीइंग दिवसभरात फोन किती वेळा अनलॉक केला आणि कुठल्या ॲपने किती सूचना पाठवल्या ते दाखवतं. आयफोनचा स्क्रीन टाइम तर फोन उचलल्यावर सर्वात आधी कोणतं ॲप उघडलं गेलं तेही सांगतो. त्या यादीत वर बसलेल्या दोन-तीन नावांच्या सूचना बंद करा, आयकॉन आहेत तिथेच राहू द्या, आणि आठवड्याने तेच आकडे पुन्हा उघडून बघा.